चौदा गोळ्यांचा हिशेब



दशलक्षण पर्व नुकतंच संपलं. क्षमावाणीच्या दिवशी बस्तीत चारपाच जणींनी मला गाठलं. "सासूबाई यंदा चालत आल्या की! मागच्या वर्षी तर आता काही खरं नाही म्हणत होतीस. कोणतं औषध दिलंस?" मी म्हटलं, "दिलं नाही, काढलं." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. आरतीची वेळ झाली होती, म्हणून तिथे सांगता आलं नाही. घरी जाऊन सविस्तर लिहिते असं कबूल केलं होतं, ते आज लिहायला बसले आहे.

आमच्या सासूबाई ८६ वर्षांच्या. सांगलीत आमच्या घरापासून बस्ती चालत सात मिनिटांवर. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, सकाळी अभिषेकाला जाणं, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणं आणि अष्टमी-चतुर्दशीचा उपवास हे त्यांचं कधी चुकलं नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्या भाकरी थापत होत्या. मग एकेक सुटत गेलं. हात थरथरतो म्हणून भाकरी सुटली. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून बस्ती सुटली. जपाची माळ हातातून निसटायला लागली. चाल अशी झाली की पाय उचलायच्याच नाहीत, फरशीवर घासत जायच्या. चेहरा कोरा दिसायला लागला, नातवंडं आली तरी हसू फुटेना. वर्षभरात वजन ५२ किलोवरून ४६ वर आलं. बघायला येणारे आणि घरातले आम्ही, सगळे एकच म्हणत होतो, वय झालं.

मागच्या वर्षी श्रावणातल्या चतुर्दशीला त्यांनी उपवास केला. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा. पहाटे साडेतीनला न्हाणीघराच्या दारात त्या पडल्या. आवाज ऐकून आम्ही दोघं धावलो. कपाळाला टेंगूळ आलं होतं, अंग घामाने चिंब, हात गार. ह्यांनी शुगर मोजायचं मशीन आणलं. आकडा आला ५८. सत्तरच्या खाली गेली की धोका, एवढं मला माहीत होतं. मी वाटीत तीन चमचे साखर पाण्यात विरघळवली आणि त्यांच्या तोंडाशी नेली. त्यांनी ओठ मिटून घेतले. "सूर्य उगवलेला नाही," एवढंच म्हणाल्या.

मैत्रिणींनो, तो क्षण मी विसरणार नाही. बेचाळीस वर्षांत मी त्यांचा नियम कधी मोडला नव्हता आणि मोडूही दिला नव्हता. मी म्हटलं, "आई, हे जेवण नव्हे, औषध आहे. दोष असेल तो माझ्या माथी." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घोट घेतला. पंधरा मिनिटांनी शुगर ८४ झाली, पण दोघींच्याही डोळ्यांतलं पाणी थांबेना.

हाड मोडलं नव्हतं, हे नशीब. पण त्यानंतर घरात वेगळंच बोलणं सुरू झालं. त्या स्वतःच म्हणाल्या, "मला आता सल्लेखना घ्यायची आहे. तुम्हाला किती त्रास देऊ?" नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, आईंची इच्छा आहे तर माताजींना विचारू या, चातुर्मास चालूच आहे." मी गप्प बसले. विरोध करावा तर धर्माला आडवी आले असं होईल, आणि हो म्हणावं तर जीभ रेटेना.

त्याच आठवड्यात एका डॉक्टरांनी बघून सांगितलं, कंपवात असावा, आणि थरथरीसाठी एक नवी गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन मी मेडिकलमध्ये निघाले होते. तेवढ्यात जाऊबाईंच्या सुनेचा फोन आला. ती फार्मसी शिकलेली, पुण्यात नोकरी करते. तिला हकीकत सांगितली. ती म्हणाली, "काकू, ही गोळी आधीच्या किती गोळ्यांवर देणार?"

मला उत्तर देता आलं नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई. घरखर्चाची वही अजून लिहिते, दुधाच्या बिलात चार रुपयांचा फरक आला तर गवळ्याला थांबवून विचारते. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या पोटात रोज काय जातं, याचा हिशेब माझ्याकडे नव्हता. ती म्हणाली, "नवी गोळी आणू नका अजून. घरात जे काही आजींच्या नावाचं आहे ते सगळं एका पिशवीत भरा. चूर्णसुद्धा. मग मला एकेक वाचून दाखवा."

पिशवी भरायला बसले. काही गोळ्या डब्यात, काही फ्रिजवर, काही उशीखाली, एक पाकीट चक्क जपमाळेच्या पिशवीत. मोजल्या तर चौदा प्रकार निघाले. मी मोठा कागद घेऊन रकाने आखले : पाकिटावरचं नाव, आतलं औषध, मात्रा, कोणी दिलं, कशासाठी, कधी सुरू झालं, कधीपर्यंत घ्यायचं. कॉलेजात बँकेचं पासबुक आणि आपली वही ताडून बघायला शिकवलं होतं ना, तसंच. एक बाजू डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची, दुसरी प्रत्यक्ष पोटात जाणाऱ्या गोळ्यांची. दोन्ही जुळायला हव्यात.

जुळल्या नाहीत. "कशासाठी" हा रकाना पाच ठिकाणी रिकामा राहिला. "कधीपर्यंत" हा तर जवळजवळ सगळाच कोरा. व्हाउचर नसलेला खर्च वर्षानुवर्षं चालू होता.

त्यात काय काय सापडलं ते सांगते, कारण तुमच्याही घरी यातलं काहीतरी असणार.

बीपीची अॅम्लोडिपिन दोनदा जात होती. एक पाकीट नुसत्या अॅम्लोडिपिनचं, एका डॉक्टरांनी दिलेलं. दुसरं दुसऱ्या डॉक्टरांचं, त्यात टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन एकत्र. कंपन्यांची नावं वेगळी, पाकिटांचे रंग वेगळे, म्हणून आम्हाला वाटायचं औषधं वेगळी. आतलं औषध बारीक अक्षरात असतं, ते मी भिंग लावून पहिल्यांदा वाचलं.

चक्करेची सिनारिझिन पंधरा दिवसांसाठी दिली होती. जुनं पाकीट दुकानात दाखवलं की नवं मिळतं, तशी ती दोन वर्षं चालू राहिली.

गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक आम्हीच दुकानातून आणत होतो. त्याने पित्त होतं म्हणून पित्ताची गोळी. झोपेसाठी अल्प्राझोलम. सर्दीची गोळी चिठ्ठीशिवाय. मेटफॉर्मिनची मोठी गोळी गिळवत नाही म्हणून त्या ती खलात कुटून घेत. ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी होती, कुटली की सगळी मात्रा एकदम सुटते. आणि बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल! जिलेटिनचं वेष्टन नको म्हणून आमचा नातू ती उघडून आतली पूड चमच्यात द्यायचा. पुतणसून म्हणाली, "हिच्या बाबतीत फार बिघडत नाही, पण काही औषधं पोटातल्या आम्लापासून वाचावीत म्हणून वेष्टनात असतात, ती उघडली तर वाया जातात. जिलेटिन नको असेल तर डॉक्टरांना सांगा, बऱ्याच औषधांची साधी गोळी किंवा पातळ औषध मिळतं." इतकी वर्षं आम्ही हे कुणाला विचारलंच नव्हतं. दवाखान्यात धर्माचं कशाला काढा, असं वाटायचं.

सगळ्यात मोठी चूक वेळेची होती. चिठ्ठीवर "रात्री जेवणानंतर" लिहिलेलं. आमच्याकडे रात्रीचं जेवणच नाही. म्हणून झोपेच्या गोळीसकट सगळ्या गोळ्या त्या सूर्यास्ताआधी एका घोटात घेत. पाणी काढायची गोळीही त्यातच. मग साताला गुंगी, दोनला जाग, रात्रभर लघवीच्या फेऱ्या आणि सकाळपर्यंत पाणी नाही. शुगरची ग्लिमेपिराइड तर उपवासाच्या दिवशीही नियमाने घेतली जात होती. नाश्ता नाही, जेवण नाही, पण शुगर कमी करणारी गोळी मात्र वेळेवर. "औषध चुकवायचं नाही" असं डॉक्टरांनी बजावलं होतं ना! उपवास करता का हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि आम्ही सांगितलं नव्हतं.

तो कागद आणि ती पिशवी घेऊन आम्ही मिरजेला एका डॉक्टरांकडे गेलो. ते म्हाताऱ्या माणसांना वेळ देऊन बघतात असं ऐकलं होतं. त्यांनी आधी गोळ्या बघितल्या नाहीत, सासूबाईंना बघितलं. आडवं झोपवून बीपी घेतलं, वरचा आकडा १४२. उभं केलं, तीन मिनिटांच्या आत परत घेतलं, ११२. म्हणाले, "उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तरी आम्ही सावध होतो. यांचा तीसने उतरलाय. तुम्ही घरी बसवूनच मोजत असाल." खरं होतं.

मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि ते घड्याळ लावून बसले. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. सासूबाईंना २६ लागले. हाताची पकड बघितली, वजन किती उतरलं ते विचारलं, थकवा कसा आहे, गेल्या वर्षी कोणती कामं करत होत्या आणि आता कोणती येत नाहीत, हे सगळं विचारलं. याला ते फ्रेल्टी म्हणतात. आपण "खंगल्या" म्हणतो तेच, पण ते मोजता येतं हे मला नवं होतं. कॅनडातल्या डॉ. केनेथ रॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली, आज ती एक ते नऊ अशी आहे. एक म्हणजे ठणठणीत, नऊ म्हणजे अखेरचा काळ. सासूबाईंना त्यांनी सहावर ठेवलं. म्हणाले, "हे माप कुणाला बाद करायला नाही. यावरून मला कळतं की या शरीराला कोणतं औषध झेपेल आणि कोणतं नाही."

नंतर त्यांनी माझा कागद उलगडला आणि पेनाने बाण काढत गेले. अॅम्लोडिपिन दुप्पट, त्याने घोटे सुजले. ती सूज पाणी साठल्याची नव्हे, त्या गोळीची. पण सुजेवर पाणी काढायची गोळी आली. तिने अंगातलं पाणी आणि सोडियम उतरलं, उभं राहिलं की अंधारी. अंधारीवर सिनारिझिन आली. ती बरेच दिवस घेतली की काही म्हाताऱ्या माणसांत हुबेहूब कंपवातासारखं करते : हात थरथर, चाल घासत, चेहरा कोरा. आणि आता त्या थरथरीवर पंधरावी गोळी येणार होती. एका गोळीचा त्रास हा नवा आजार समजला गेला, आणि त्या आजारावर पुढची गोळी.

मी तो कागद बघत राहिले. ज्याला आम्ही वय म्हणत होतो, त्यातलं किती वय होतं आणि किती आमच्या डब्यातलं?

घरी आल्यावर नातीला शोधायला लावलं, तर कळलं की हा विषय नवा नाही. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी अमेरिकेत डॉ. मार्क बियर्स यांनी १९९१ मध्येच केली होती, तीही वृद्धाश्रमांतल्या लोकांसाठी. ती अजूनही दर काही वर्षांनी सुधारली जाते, २०२३ मध्येही झाली. झोपेच्या अशा गोळ्या, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, ग्लिमेपिराइडच्या जातीची शुगरची गोळी ही सगळी त्या यादीत आहेत. कारण साधं आहे. वयाबरोबर मूत्रपिंड आणि यकृत मंदावतात, अंगातलं पाणी आणि मांस कमी होतं, म्हणून चाळिशीत चालणारी मात्रा ऐंशीत जास्त होते आणि जास्त वेळ अंगात राहते.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड, सिनारिझिन, डायक्लोफेनॅक, सर्दीची गोळी आणि दोन्ही अॅम्लोडिपिन त्याच दिवशी थांबवल्या. बीपीला नुसती टेल्मिसार्टन ठेवली. डायक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि पाणी काढायची गोळी हे त्रिकूट मूत्रपिंडाला घातक, हेही सांगितलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर ६ टक्के आली होती, मला वाटलं शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "या वयात इतकी कमी कशाला? पडून खुबा मोडण्यापेक्षा थोडी जास्त परवडली." दोन आठवड्यांनी सूज गेली, तशी पाण्याची गोळी बंद. पित्ताची नंतर. झोपेची मात्र एकदम नाही, सहा आठवडे थोडी थोडी उतरवत. हे मुद्दाम लिहिते, कारण ती गोळी मनाने अचानक बंद केली तर माणूस बेचैन होतो, झटकेही येऊ शकतात. दर भेटीत रक्त तपासलं, बीपी उभं करून मोजलं. चौदाच्या सहा झाल्या, त्यातली एक इसबगोल आणि एक गुडघा फारच दुखला तर पॅरासिटामॉल.

लगेच काही झालं नाही. पहिला महिना त्यांना झोप येईना, माझ्यावर चिडायच्या, "तुझ्या हिशेबाने माझी झोप घालवली." दुसऱ्या महिन्यात उठताना भिंत धरणं कमी झालं. दिवाळीनंतर एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि मागून आवाज आला, "पीठ जास्त सैल झालंय." वळून बघितलं तर काठी न घेता दारात उभ्या, आणि हसत होत्या. हात अजून थोडा थरथरतो. काठी लागतेच. पण वजन ४९ वर आलंय, आणि ते तीन मीटर आता १५ सेकंदांत होतात.

आता सल्लेखनेबद्दल. आम्ही माताजींकडे गेलो होतो, मिरजेच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर. मी पहाटेच्या साखरपाण्याचंही सांगितलं आणि प्रायश्चित्त मागितलं. माताजींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, सल्लेखना ही ज्या म्हातारपणावर, ज्या रोगावर उपाय उरलेला नाही त्यासाठी. उपाय आहे की नाही हे बघितलंत का? मी चौदा बाणांचा तो कागद दाखवला. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "सोळाकारण भावना रोज म्हणता ना? त्यात तप आहे, पण त्याच्या आधी शक्तितः आहे. शक्ती बघून. आणि वैयावृत्त्यही त्यातच आहे. सून करतेय ते करू द्या." मला प्रायश्चित्त म्हणून रोज एक माळ दिली. ती मी आनंदाने करते.

मला धर्मातलं फार कळत नाही. पण एक मनाशी पक्कं झालं. म्हातारपण निरुपाय आहे असं म्हणण्याचा हक्क, डबा उघडून हिशेब मांडल्याशिवाय आपल्याला नाही. घरात असतो तसा गोळ्यांचाही परिग्रह होतो. येताना प्रत्येक गोळी कारण घेऊन येते, कारण संपलं तरी ती जात नाही. तिला जा म्हणायला कुणीतरी बसावं लागतं.

यंदाच्या पर्वाआधी आम्ही पंधरा दिवस डॉक्टरांना भेटलो आणि एकाशनाच्या दिवशी कोणती गोळी कधी, कोणती नाही, ते लिहून घेतलं. सगळ्या गोळ्या आता सकाळच्या आणि सूर्यास्ताआधीच्या जेवणाबरोबर बसवल्या आहेत. नियम मोडावा लागला नाही, फक्त सांगावा लागला. त्यांनी पाच एकाशनं केली. अनंत चतुर्दशीला निर्जळ करायचा हट्ट होता, तो सोडला. तोंड फुगवूनच सोडला, पण सोडला.

तुम्हाला एवढंच सांगते. कोणतीही गोळी स्वतः बंद करू नका, पण मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. या रविवारी सासूबाईंची, आईची, आणि हो, आपली आणि ह्यांचीही पिशवी भरा. चूर्ण, काढे, दुकानातून आणलेलं सगळं त्यात घाला. आतलं औषध वाचून लिहा, एकच औषध दोन नावांनी नाही ना बघा. प्रत्येकापुढे कशासाठी आणि कधीपर्यंत लिहा. रिकामा रकाना दिसला की तो प्रश्न डॉक्टरांना विचारा. उपवास, रात्रीचं पाणी, कॅप्सूल हे न लाजता सांगा. बीपी उभं राहूनही मोजायला सांगा. नवी गोळी सुरू झाल्यावर नवा त्रास सुरू झाला, तर आधी गोळीवर संशय घ्या. औषधाचा त्रास झाला तर तो कळवायला सरकारचा १८००-१८०-३०२४ हा फुकट क्रमांकही आहे, डॉक्टरांशी बोलून तोही वापरा.

आमच्या ह्यांची पिशवी भरली तेव्हा सात निघाल्या. त्यातल्या दोन कशासाठी ते त्यांना सांगता आलं नाही. पुढच्या बुधवारी मिरजेची वेळ घेतली आहे. सासूबाई म्हणाल्या, "मीही येते. त्याला चालायला लावतील ना, ते बघायचंय मला."

तुमच्या पिशवीत किती निघाल्या ते बस्तीत भेटल्यावर नक्की सांगा.

जय जिनेंद्र.